मायक्रोआरएनएचे काम प्रमाणित संज्ञांत कसे नोंदवायचे: नव्या क्युरेटरसाठी

मायक्रोआरएनए म्हणजे एमआरएनएशी जुळून जनुकांना दाबणारा छोटा आरएनए. त्याच्यावरचा शोधनिबंध बहुधा एका साखळीवर उभा असतो. हा आरएनए त्या जनुकाला दाबतो, ते जनुक दबल्याने अमुक संदेशमार्ग सैल सुटतो, त्यामुळे पेशी भराभर वाढतात, आणि म्हणून गाठ मोठी होते. नवख्या क्युरेटरचा, म्हणजे निबंध वाचून त्यातली माहिती संग्रहात नोंदवणाऱ्याचा, हात साखळीच्या शेवटच्या कडीकडे जातो, कारण निबंधाच्या शीर्षकात तीच असते. जीन ऑन्टॉलॉजीत, म्हणजे जनुकांची कामे सांगणाऱ्या प्रमाणित संज्ञांच्या संग्रहात, मात्र नोंद होते ती त्या आरएनएने स्वतः काय केल्याचे दिसले याची. लक्ष्य जनुकाची कामे आरएनएच्या नावावर चढवणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे. खालच्या बऱ्याचशा सूचना ती टाळण्यासाठीच आहेत.

एक खुलासा आधीच. या लेखात ओळखक्रमांक देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये अक्षरे आणि अंक दोन्ही रोमनच लागतात. देवनागरी अंक चिकटवला, तर तपासणीची आज्ञावली ती ओळ सरळ फेटाळते.

आधी साधने समजून घ्या

जीन ऑन्टॉलॉजीचे काम १९९८ मध्ये सुरू झाले. तिच्या संज्ञा तीन शाखांत आहेत: रेणवीय कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीतील स्थान. ही नुसती यादी नाही, जाळे आहे. प्रत्येक संज्ञेला एक किंवा अनेक पालक असतात, आणि खालची संज्ञा लावली की वरच्या सगळ्या आपोआप लागू होतात. म्हणून संज्ञा निवडताना तिचे नाव वाचून थांबू नका. व्याख्या वाचा, मग क्विकगो किंवा अमिगो या ब्राउझरमध्ये तिचे पूर्वज मुळापर्यंत पाहा. एखादा पूर्वज तुमच्या रेणूला लागू पडत नसेल, तर ती संज्ञा चुकली आहे.

आरएनएच्या ओळखीसाठी आरएनएसेंट्रल वापरतात. तिथला क्रमांक 'यूआरएस' या अक्षरांनी सुरू होतो, पुढे दहा षोडशमान चिन्हे येतात, मग अधोरेषा आणि प्रजातीचा क्रमांक. मानवासाठी ९६०६, उंदरासाठी १००९०, मोठ्या उंदरासाठी म्हणजे रॅटसाठी १०११६. मायक्रोआरएनएची नावे मिरबेस या संग्रहातून येतात. त्याच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२व्या आवृत्तीत २७१ सजीवांतली ३८,५८९ पूर्वरूपे आणि ४८,८६० परिपक्व रूपे आहेत. रेणूचा प्रकार सीक्वेन्स ऑन्टॉलॉजीतून घ्यायचा (परिपक्व मायक्रोआरएनए म्हणजे एसओ:००००२७६), पेशींचे प्रकार सेल ऑन्टॉलॉजीतून आणि अवयव उबेरॉनमधून.

पायरी पहिली: रेणू नक्की कोणता?

एकूण वेळेपैकी निम्मा वेळ इथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नका. मायक्रोआरएनएचे जनुक एक लांब प्राथमिक प्रत तयार करते. ड्रोशा हे विकर ती कापून केसपिनेच्या आकाराचे पूर्वरूप बनवते, आणि मग डायसर त्यातून सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांची जोडी सोडवतो. जोडीतली एक बाजू ५पी, दुसरी ३पी. दोघींचे क्रम वेगळे, म्हणून लक्ष्येही वेगळी. काम करते ती अर्गोनॉट प्रथिनात बसलेली परिपक्व बाजू. त्यामुळे नोंदही तिच्याच क्रमांकावर होते, जनुकाच्या किंवा पूर्वरूपाच्या नाही.

मिरबेसच्या पद्धतीत 'मिर' या नावातला शेवटचा रोमन आर मोठा असेल तर परिपक्व रूप, लहान असेल तर पूर्वरूप. मानवी मिर-२१ चे पूर्वरूप एमआय००००००७७ आहे, तर मिर-२१-५पी हे परिपक्व रूप एमआयएमएटी००००००७६ आहे. लेखक हा लहान-मोठ्याचा नियम सर्रास मोडतात, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. जुन्या निबंधांत कमी प्रमाणात आढळणाऱ्या बाजूला तारा जोडलेला असतो, तर नुसते 'मिर-२१' लिहिलेले असेल तेव्हा बाजू सांगितलेलीच नसते.

बाजू कशी ओळखायची? निबंधात आरएनए आणि लक्ष्याच्या जुळणीची आकृती बहुधा असते. तिथला क्रम अक्षर न् अक्षर उतरवून घ्या आणि आरएनएसेंट्रलमध्ये क्रमाने शोध करा. अशा आकृतीत मायक्रोआरएनए बहुतेकदा ३-प्राइमकडून ५-प्राइमकडे, म्हणजे उलटा काढलेला असतो, म्हणून आधी तो फिरवून घ्यावा लागतो. यू ऐवजी टी लिहिलेला असेल तर तोही बदला. आकृती नसेल, तर पद्धती विभागात किंवा पुरवणीत मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल), इन्हिबिटर (त्याला अडवणारा रेणू) किंवा प्रायमर (रेणू मोजण्यासाठी वापरलेला छोटा तुकडा) यांचा क्रम सापडतो. तोही नसेल, तर निबंधाच्या लेखकाला पत्र लिहा. उत्तर आले नाही, तर नोंद सोडून द्या. 'याची ५पी बाजूच जास्त असते' हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

आणखी तीन खाचा लक्षात ठेवा. लेट-७ए ची मानवात तीन जनुके आहेत, पण तिघांतून निघणारा लेट-७ए-५पी अक्षरशः एकच. आरएनएसेंट्रल क्रमावरून क्रमांक देत असल्यामुळे त्याला एकच यूआरएस मिळतो, आणि कोणत्या जनुकातून आला हे विचारण्याचे कारण उरत नाही. दुसरी खाच: हाच क्रम अनेक प्रजातींत जसाच्या तसा असतो, तेव्हा यूआरएस सारखा आणि फक्त प्रजातीचा क्रमांक बदललेला, अशा नोंदी शेजारी शेजारी दिसतात. प्रयोग उंदराच्या पेशींत असेल आणि तुम्ही घाईने ९६०६ लावले, तर कोणतीही आज्ञावली ती चूक पकडणार नाही. तिसरी: मिर-१७-९२ सारख्या समूहात सहा मायक्रोआरएनए एकाच प्रतीतून निघतात. संपूर्ण समूह काढून टाकून केलेला प्रयोग त्यांतल्या कोणा एकाच्या नावावर लिहिता येत नाही. प्लास्मिडमधून पूर्वरूप व्यक्त केले असेल तर दोन्ही बाजू तयार होतात, तिथेही हीच अडचण.

पायरी दुसरी: प्रयोगाने काय दाखवले?

निबंधाचा सारांश बाजूला ठेवा आणि आकृत्या एकेक करून वाचा. प्रत्येक आकृतीसाठी एक ओळ लिहा: काय बदलले, काय मोजले, काय दिसले.

थेट बांधणीसाठी सर्वांत जास्त दिसणारा प्रयोग ल्युसिफरेज रिपोर्टरचा. लक्ष्याचा ३-प्राइम यूटीआर, म्हणजे एमआरएनएच्या शेवटचा प्रथिनात न उतरणारा भाग, प्रकाश देणाऱ्या रिपोर्टर जनुकामागे जोडतात, मायक्रोआरएनएचा मिमिक घालतात आणि प्रकाश कमी झाला का ते मोजतात. प्रकाश कमी झाला एवढ्यावर थांबू नका. बांधणीची जागा बदललेला दुसरा रिपोर्टर हवा, आणि त्यात ती घट नाहीशी झालेली हवी. ही जागा मायक्रोआरएनएच्या २ ते ८ क्रमांकांच्या न्यूक्लिओटाइडांशी, म्हणजे बीजभागाशी जुळणारी असते. बदललेला रिपोर्टर नसेल तर परिणाम आडवाटेने आला असण्याची शक्यता उरते. मायक्रोआरएनएचा परिणाम मुळात सौम्य असतो. घट निम्म्याहून कमी असणे नेहमीचेच आहे, तेव्हा लहान आकडा पाहून निबंध बाद करू नका. तो नियंत्रणाशी ताडून पाहा.

मिमिकचे प्रमाण मात्र पाहा. ते फार जास्त असेल तर बाहेरून घातलेला रेणू अर्गोनॉट व्यापून टाकतो, पेशीतले मूळचे मायक्रोआरएनए बाजूला पडतात आणि त्यांची लक्ष्ये वर येतात. म्हणून मिमिक आणि इन्हिबिटर या दोन्हींनी उलटसुलट परिणाम दाखवणारा निबंध जास्त भरवशाचा.

टार्गेटस्कॅन किंवा मिरांडासारख्या आज्ञावलीने लक्ष्य सुचवले, एवढ्यावर प्रायोगिक नोंद होत नाही. क्लिप (प्रथिन आरएनएवर कुठे बसते ते शोधणाऱ्या) प्रयोगांच्या लांबलचक याद्यांतही अर्गोनॉट कुठे बसला हे कळते, पण कोणत्या मायक्रोआरएनएसह बसला हे पुष्कळदा क्रमावरून ताडलेले असते.

पायरी तिसरी: संज्ञा निवडा

आता हा निर्णयक्रम हाताशी ठेवा.

थेट बांधणी सिद्ध झाली आणि तिच्यामुळे लक्ष्य दबले, तर रेणवीय कार्यासाठी जीओ:१९०३२३१, म्हणजे एमआरएनएशी जोड्या जुळवून प्रतिलेखनानंतर दमन करण्याचे कार्य. प्रक्रियेसाठी जीओ:००३५१९५, मायक्रोआरएनएद्वारे होणारे प्रतिलेखनोत्तर जनुकशमन.

यंत्रणाही दाखवलेली असेल तर त्याखालची नेमकी संज्ञा घ्या. प्रथिन घटले पण एमआरएनए तसाच राहिला, तर भाषांतर रोखण्याची जीओ:००३५२७८. एमआरएनएच अस्थिर होऊन घटला, तर जीओ:००३५२७९. दोन्हींपैकी काहीच मोजलेले नसेल, तर वरच्या संज्ञेवरच थांबा.

प्रथिन किंवा एमआरएनए घटला, पण थेट बांधणीचा पुरावा नाही? मग शमनाची संज्ञा लावता येत नाही. जनुक-अभिव्यक्तीचे ऋण नियमन, जीओ:००१०६२९, एवढेच म्हणता येते. ही नोंद फिकी वाटते, पण खरी असते.

भाषांतर की अस्थिरता, हा प्रश्न या क्षेत्राइतकाच जुना आहे. १९९३ मध्ये सी. एलिगन्स या सूत्रकृमीत लिन-४ सापडला, तेव्हा लिन-१४ चे प्रथिन घटताना दिसले, पण एमआरएनएत ठळक फरक दिसला नाही. त्या शोधासाठी व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. पुढे २००५ मध्ये याच कृमीत लिन-४ आणि लेट-७ यांच्या लक्ष्यांचे एमआरएनएसुद्धा घटतात असे दाखवले गेले. म्हणजे एकाच जोडीला दोन निबंधांवरून दोन वेगळ्या संज्ञा लागू शकतात, आणि तसे होणे ही चूक नाही. प्रत्येक नोंद आपल्या निबंधाशी बांधलेली असते. 'आज काय मानले जाते' म्हणून जुन्या निबंधाची नोंद बदलायची नसते.

एक संज्ञा चुकून वारंवार लावली जाते: मायक्रोआरएनए प्रक्रियण, जीओ:००३५१९६. ती डायसर, ड्रोशा अशा कापणाऱ्या प्रथिनांची. ज्याच्यावर ती कापाकापी होते, त्या आरएनएची नव्हे.

पायरी चौथी: पुढच्या प्रक्रिया आणि चिन्हांचा गोंधळ

पेशींची वाढ, स्थलांतर, रक्तवाहिन्यांची निर्मिती, हे सगळे नोंदवता येते, पण निबंधात त्या मायक्रोआरएनएला बदलून तो परिणाम मोजलेला असेल तरच. 'लक्ष्य जनुक स्थलांतर रोखते हे ज्ञातच आहे' एवढ्या वाक्यावर नोंद करायची नाही. हीच ती सुरुवातीला सांगितलेली चूक. तिचे नुकसान पुढे जाते: समृद्धी विश्लेषण (जनुकांच्या यादीत कोणत्या संज्ञा जास्त येतात ते पाहणे) करणाऱ्यांना मायक्रोआरएनए आणि त्याचे लक्ष्य दोन स्वतंत्र पुरावे वाटतात, आणि एकच माहिती दोनदा मोजली जाते.

दिशा ठरवताना कागदावर बाण काढा. पीटेन हे प्रथिन पीआय३के-एकेटी संदेशमार्ग आवरते. मिर-२१-५पी पीटेनला दाबतो. उणे गुणिले उणे, म्हणून मिर-२१-५पीसाठी त्या मार्गाच्या धन नियमनाची संज्ञा, जीओ:००५१८९७, योग्य ठरते आणि ऋण नियमनाची जीओ:००५१८९८ चुकीची. नुसता बाण मात्र पुरावा नाही. एकेटीचे फॉस्फोरिलेशन मोजून दाखवलेले हवे. इन्हिबिटरचा प्रयोग असेल तर आणखी एक उलट येते: मायक्रोआरएनए अडवल्यावर स्थलांतर घटले, म्हणजे मायक्रोआरएनए स्वतः स्थलांतर वाढवतो. तिथे जीओ:००३०३३५ लागेल, जीओ:००३०३३६ नव्हे. थकलेल्या दुपारी ही अदलाबदल हमखास होते.

मापनपद्धतीचे नाव आणि प्रक्रियेचे नाव यांतही फरक करा. पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो किती भरला हे मोजतात, त्याला लेखक 'जखम भरण्याची चाचणी' म्हणतात. त्यावरून जखम भरण्याची संज्ञा लावू नका. तिथे बहुधा स्थलांतर मोजलेले असते, आणि पेशींचे विभाजन थांबवले नसेल तर तेही निखळ नसते. एमटीटी चाचणी पेशींची चयापचय-क्रिया मोजते, थेट संख्यावाढ नाही. तिच्या जोडीला पेशी मोजल्या असतील किंवा नव्या डीएनएची निर्मिती मोजली असेल, तरच संख्यावाढीच्या धन नियमनाची जीओ:०००८२८४ निर्धास्त लावा.

कर्करोग, हृदयविकार वगैरे आजार जीन ऑन्टॉलॉजीत नसतात. इथे सामान्य स्थितीतले काम नोंदवले जाते. आजाराशी असलेला संबंध डिसीज ऑन्टॉलॉजी किंवा मोंडो वापरून वेगळ्या नोंदीत जातो.

पायरी पाचवी: पुरावा-संकेत

नोंद कशावर आधारली हे छोट्या संकेताने सांगतात. रिपोर्टरने थेट दाखवलेल्या दमनाला आयडीए (थेट चाचणी). मायक्रोआरएनए अडवून किंवा काढून टाकून दिसलेल्या परिणामाला आयएमपी (उत्परिवर्ती लक्षण), आणि जास्त प्रमाणात व्यक्त करून दिसलेला पेशीचा परिणामही सर्वसाधारण नियमाने आयएमपीतच जातो. एखाद्या ऊतीत रेणू वाढला किंवा घटला एवढेच कळत असेल तर आयईपी (अभिव्यक्तीचा नमुना). हा संकेत फक्त जैविक प्रक्रियेसाठी आहे आणि अगदी दुबळा आहे. तो टाळता आला तर टाळा.

एका प्रजातीतली प्रायोगिक नोंद दुसऱ्या प्रजातीतल्या समान रेणूवर न्यायची असेल तर आयएसएस (क्रमाचे साम्य). तेव्हा 'विथ' या रकान्यात मूळ रेणूचा क्रमांक द्यावाच लागतो, आणि मूळ नोंद प्रायोगिकच हवी. आयएसएसवरून आयएसएस अशी उसनवारी चालत नाही. परिपक्व क्रम सारखा आहे, एवढे पाहून पुढे जाऊ नका: दुसऱ्या प्रजातीच्या लक्ष्यात बांधणीची जागा टिकून आहे का तेही तपासा.

एनडी (माहिती उपलब्ध नाही) हा संकेत 'या निबंधात माहिती नाही' या अर्थाचा नाही. सगळे साहित्य शोधूनही त्या शाखेत काहीच सापडले नाही, तेव्हा त्या शाखेच्या मुळाशी तो लावतात. नकाराच्या नोंदीचेही तसेच. 'नॉट' हे बिरूद परिणाम अपेक्षित असताना नीट केलेल्या प्रयोगात तो आला नाही, तेव्हाच लावा. सुचवलेल्या शंभर लक्ष्यांपैकी नव्वद जुळली नाहीत, म्हणून नव्वद नकारनोंदी कोणालाही नको असतात.

पायरी सहावी: नोंदीची ओळ भरा

जीएएफ या नोंदींच्या फाइल-स्वरूपाच्या २.२ आवृत्तीत सतरा रकाने असतात आणि रेणू व संज्ञा यांचा संबंध सांगणारा चौथा रकाना रिकामा ठेवता येत नाही. रेणवीय कार्यासाठी 'एनेबल्स', प्रक्रियेत थेट भाग असेल तर 'इन्व्हॉल्व्ह्ड इन'. परिणाम दिसला पण तो प्रक्रियेच्या आत की आधी हे कळत नसेल, तर 'ॲक्ट्स अपस्ट्रीम ऑफ ऑर विदिन'. स्थानासाठी 'लोकेटेड इन' आणि संकुलासाठी 'पार्ट ऑफ'.

मिर-२१-५पी आणि पीटेन यांच्यावर वर सांगितलेला, जागा बदललेल्या नियंत्रणासह केलेला रिपोर्टर प्रयोग असेल, तर ओळ अशी दिसते:

डेटाबेस: आरएनएसेंट्रल
रेणू: मिर-२१-५पीचा यूआरएस क्रमांक, शेवटी _९६०६
संबंध: एनेबल्स
संज्ञा: जीओ:१९०३२३१
संदर्भ: निबंधाचा पबमेड क्रमांक
पुरावा: आयडीए
शाखा: एफ (म्हणजे रेणवीय कार्य)
प्रकार: मायक्रोआरएनए
प्रजाती: ९६०६
दिनांक: वर्ष-महिना-दिवस असे सलग आठ अंक
विस्तार: हॅज इनपुट (एन्सेम्बल:ईएनएसजी०००००१७१८६२)

वरच्या नमुन्यातला शेवटचा, म्हणजे फाइलमधला सोळावा रकाना या कामाचा प्राण आहे. 'मिर-२१-५पी एमआरएनए दाबतो' हे वाक्य लक्ष्याशिवाय जवळजवळ निरर्थक आहे, कारण सगळेच मायक्रोआरएनए तेच करतात. लक्ष्यासाठी प्रथिनाचा युनिप्रॉट क्रमांक देऊ नका. मायक्रोआरएनए एमआरएनएला बांधतो, प्रथिनाला नाही, म्हणून एन्सेम्बलचा जनुकक्रमांक देतात. एका निबंधात तीन लक्ष्ये वेगवेगळी सिद्ध झाली असतील, तर ती स्वल्पविरामाने जोडू नका. स्वल्पविरामाचा अर्थ 'एकाच वेळी सगळी' असा होतो. स्वतंत्र घटनांसाठी उभी रेघ वापरा.

पेशीचा प्रकार 'ऑकर्स इन' या संबंधाने जोडता येतो. रक्तवाहिनीच्या आतल्या थरातल्या पेशीसाठी सीएल:००००११५ हे उदाहरण. पण रिपोर्टर एचईके२९३ पेशींत चालवला म्हणून मूत्रपिंड लिहू नका. त्या पेशी तिथे निव्वळ भांड्यासारख्या वापरलेल्या असतात, आणि त्या मायक्रोआरएनएचे मूत्रपिंडातले काम कोणी पाहिलेले नसते.

स्थानाच्या नोंदी थोडक्यात: रक्तद्रवात किंवा पेशींनी सोडलेल्या पुटिकांत रेणू मोजला असेल तर पेशीबाह्य अवकाश, जीओ:०००५६१५, किंवा पेशीबाह्य एक्झोझोम, जीओ:००७००६२. दुसरी लावण्याआधी पुटिका वेगळ्या कशा केल्या ते वाचा. नुसता रक्तद्रव तपासला असेल तर पहिलीच.

लांब आरएनएकडे वळताना

लांब नॉन-कोडिंग आरएनएला वरचा निर्णयक्रम चालत नाही, कारण त्यांची एक सामाईक यंत्रणा नाही. एक्सिस्ट या लांब आरएनएसाठी एक्स गुणसूत्र निष्क्रिय करून मात्रा सारखी करण्याची संज्ञा, जीओ:०००९०४८, नेमकी बसते. बहुतेकांच्या बाबतीत मात्र प्रक्रिया कळते आणि रेणवीय कार्य कळत नाही. मग कार्याची शाखा मोकळी सोडा. ओळख पटवणेही इथे अवघड, कारण एकाच जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि निबंधात कोणती वापरली हे प्रायमरवरूनच कळते.

मायक्रोआरएनए शोषून घेणाऱ्या 'स्पंज'चे दावे विशेष काळजीने वाचा. लांब आरएनए आणि लक्ष्य एकत्र वाढले-घटले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. लांब आरएनएवरची बांधणीची जागा बदलल्यावर परिणाम जातो का, आणि पेशीतल्या मायक्रोआरएनएच्या मानाने त्या लांब आरएनएच्या प्रती पुरेशा आहेत का, हे पाहा. मूठभर प्रतींनी हजारो मायक्रोआरएनए अडवल्याचा दावा असेल, तर बाहेरून भरमसाट व्यक्त केलेल्या रेणूचा तो परिणाम असण्याचीच शक्यता जास्त.

पाठवण्याआधी

ओळ दुसऱ्या क्युरेटरला फक्त आकृतीसह दाखवा, सारांशाविना, आणि तोच निष्कर्ष निघतो का विचारा. निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, हे पबमेडवर पाहा. मायक्रोआरएनए आणि कर्करोग या विषयात मागे घेतलेले निबंध बरेच आहेत. मग क्विकगोमध्ये त्याच यूआरएसच्या आधीच्या नोंदी काढा. तीच संज्ञा दुसऱ्या निबंधावरून आधीच असेल, तरी तुमची नोंद फेकू नका, तो स्वतंत्र पुरावा आहे. विरुद्ध चिन्हाची संज्ञा सापडली, तर आधी स्वतःचे बाण पुन्हा काढून पाहा. ते बरोबर निघाले तर दोन्ही नोंदी राहू द्या, पेशींचे प्रकार वेगळे असतील तर ते विस्ताराच्या रकान्यात दिसतीलच.